डॉक्टरांना दाखवून आलात, पुढे काय?

डॉक्टरांकडे जाण्याआधी बहुतेक जण थोडीफार तयारी करतात. जुने रिपोर्ट शोधतात, काय विचारायचं ते मनाशी घोकतात, नंबर लागेपर्यंत बसून राहतात. केबिनमधून बाहेर आलं की सुटल्यासारखं वाटतं आणि चिठ्ठी घडी होऊन पर्समध्ये जाते. पण गोळ्या घेणं, तपासण्या करणं, रिपोर्ट मिळवणं, ते दाखवणं, बरं वाटतंय की नाही हे कळवणं, हे सगळं त्यानंतरच व्हायचं असतं आणि त्यातलं बरंचसं तुमच्याच हातून व्हायचं असतं.

या सगळ्यासाठी मी एकच नियम पाळतो आणि इतरांनाही तोच सांगतो. डॉक्टरांच्या प्रत्येक सूचनेपुढे एक तारीख आणि एक माणूस लिहायचा. ‘रक्त तपासून घ्या’ ही सूचना अशीच राहिली तर हवेत विरते. ‘रक्त: गुरुवारी सकाळी, मी. रिपोर्ट: शनिवारी, मी आणणार. डॉक्टरांना दाखवणं: सोमवारी’ असं लिहिलं की ती पूर्ण होते. खाली जे काही सांगतोय, ते याच नियमाचा विस्तार आहे.

बाहेर पडल्यावरचा पहिला अर्धा तास

घरी जाऊन निवांत लिहू, असं म्हणू नका. बाहेरच्या बाकावर, जिन्यात, गाडीत बसल्या बसल्या लिहा. नेदरलँड्समधले मेंदूमानसशास्त्राचे अभ्यासक रॉय केसल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात आणि जी आठवते तिच्यातली जवळपास निम्मी चुकीची आठवते, असं त्यात म्हटलं आहे. यात बुद्धीचा काही संबंध नाही. आजाराचं नाव कानावर पडलं की मन तिथेच अडकतं आणि पुढची दहा वाक्यं नुसती कानावरून जातात.

सोबत कोणी आलं असेल तर दोघांनी आधी आपसात न बोलता वेगवेगळं लिहा आणि मग ताडून पाहा. एकाने ‘गोळी महिनाभर’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘महिन्याने परत यायचं, गोळी चालूच’ असं लिहिलं, तर काय विचारायचं राहिलं ते तिथेच कळतं. अजून दवाखान्यातच असता, त्यामुळे परत आत डोकावून किंवा काउंटरवर विचारून खात्री करता येते. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. मात्र केबिनमधलं बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. बरेच जण हो म्हणतात.

काय लिहायचं? आजाराचं किंवा शंकेचं नाव, डॉक्टर म्हणाले त्याच शब्दांत. ‘हे असू शकतं’ आणि ‘हे आहे’ यातला फरक जपून लिहा, कारण घरी पोचेपर्यंत ‘असू शकतं’चं ‘आहे’ झालेलं असतं. कोणतं औषध नवीन, कोणतं बंद, कोणतं तसंच चालू. कोणत्या तपासण्या आणि कशासाठी. पुन्हा कधी यायचं. आणि शेवटची ओळ, जी जवळजवळ सगळेच विसरतात: कशी लक्षणं दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता यायचं.

चिठ्ठी वाचायला शिका

चिठ्ठीवरच्या खुणा थोड्याच असतात, एकदा पाठ झाल्या की झाल्या. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा. एचएस म्हणजे झोपताना, एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. गंमत म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ओडी म्हणजे उजवा डोळा. त्यामुळे शंका आली तर अंदाज बांधू नका, औषध देणाऱ्या फार्मासिस्टला विचारा. ते त्यांचं कामच आहे.

एसओएस, म्हणजे गरज पडली तरच, ही खूण वरवर साधी दिसते पण ती अर्धीच सूचना आहे. गरज म्हणजे नेमकं काय, दोन गोळ्यांमध्ये किती तासांचं अंतर आणि दिवसाला जास्तीत जास्त किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय ती पुरी होत नाही. पॅरासिटामॉलचंच बघा. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसभराची कमाल मर्यादा ४ ग्रॅम धरतात. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा नियमित दारू असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या बऱ्याच तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं. तापाची वेगळी, सर्दीची वेगळी असं करत माणूस नकळत मर्यादेपलीकडे जातो आणि फटका यकृताला बसतो. म्हणून पाकिटावरच्या मोठ्या अक्षरातल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात जे मूळ औषधाचं नाव असतं, ते वाचायची सवय लावा. दोन वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्यांवर तेच नाव दिसलं, तर दोन्ही घेण्याआधी फोन करा.

औषधं घेतलीत की काउंटरवरच चिठ्ठी आणि पट्ट्या शेजारी ठेवून नाव, मिलिग्रॅम आणि मुदत तपासा. ‘रोज’ आणि ‘आठवड्यातून एकदा’ यांची तर दोनदा खात्री करा. संधिवातासाठी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतल्याने जीव गेल्याच्या घटना जगभरात नोंदल्या आहेत. अशा औषधाचा वार ठरवा आणि तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून टाका.

वेळेचाही हिशेब असतो. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिनची गोळी साधारणपणे सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायला सांगतात आणि लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवतात, कारण त्या तिला शरीरात नीट शोषू देत नाहीत. सगळ्या गोळ्या एकदाच गिळून मोकळं होणाऱ्यांची थायरॉइडची मात्रा मग कारण नसताना वाढत जाते.

घरात आधीपासून असलेल्या औषधांचं काय? हा प्रश्न चिठ्ठी हातात असतानाच विचारायला हवा. नवीन औषध जुन्याच्या जागी आहे की जुन्यासोबत, हे चिठ्ठीवर बऱ्याचदा लिहिलेलं नसतं. डोस चुकला तर काय करायचं तेही विचारा. बहुतेक औषधांच्या बाबतीत आठवल्यावर घ्यायचा आणि पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्यायचा असतो. दोन डोस एकदम घ्यायचे नसतात.

फरक कधी पडणार, हे ठाऊक असू द्या

तीन दिवसांत बरं वाटलं नाही म्हणून औषध सोडलेले आणि तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून औषध सोडलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक तुमच्या ओळखीत असतील. प्रत्येक औषधाला आपला वेळ लागतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता दिसायला त्याहून जास्त. पण मळमळीसारखा सुरुवातीचा त्रास पहिल्या आठवड्यातच होतो. हे माहीत नसेल तर माणूस नेमका चुकीच्या वेळी औषध सोडतो. थायरॉइडचा डोस बदलल्यावर टीएसएचची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी करतात. एचबीए१सी ही साखरेची तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांचं चित्र दाखवते, कारण रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. महिन्याभरात ती पुन्हा करून ‘काहीच फरक नाही’ म्हणून हिरमुसण्यात अर्थ नाही.

म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: कधीपर्यंत फरक दिसायला हवा आणि नाही दिसला तर काय करू? ती तारीख कॅलेंडरवर टाका. तोवर त्रास झाला तर औषध स्वतःच्या मनाने बंद करण्याआधी फोन करा. फिट्सच्या गोळ्या, बरेच दिवस चाललेले स्टेरॉइड आणि हृदयासाठी दिलेले बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवणं धोक्याचं असतं. ते टप्प्याटप्प्याने कमी करतात.

रिपोर्ट: इथेच सगळ्यात जास्त गळती

‘काही असतं तर त्यांनी फोन केला असता’ या समजुतीवर कधीही विसंबू नका. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांकडच्या हजारो नोंदी तपासल्या गेल्या. दखल घ्यावी अशा बिघडलेल्या रिपोर्टपैकी सुमारे ७ टक्के प्रकरणांत रुग्णाला कळवलंच गेलं नव्हतं किंवा कळवल्याची नोंद नव्हती. म्हणजे साधारण चौदात एक. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. लॅब रिपोर्ट पाठवते, तो ढिगात जातो, डॉक्टर रजेवर असतात, बदली डॉक्टर आधी त्यावर नजर टाकतात आणि मूळ डॉक्टरांनी कळवलं असेल असं धरून चालतात.

उपाय अगदी साधा आहे. नमुना देतानाच विचारा: रिपोर्ट कधी, कुठे मिळेल, डॉक्टरांना तुम्ही पाठवणार की मी न्यायचा? काही तपासण्यांना वेळ लागतोच. लघवीच्या कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते पाहणाऱ्या तपासणीला, दोन-तीन दिवस जातात, रक्ताचं कल्चर पाच दिवसांपर्यंत ठेवून पाहतात, बायोप्सीला त्याहून जास्त लागू शकतात. सांगितलेल्या दिवसानंतर एक दिवस जाऊ द्या आणि मग फोन करा. प्रत्येक रिपोर्टची एक प्रत तुमच्याकडे हवीच, ‘नॉर्मल आहे’ असं सांगितलं तरी. दोन वर्षांनी तुलना करायला तीच उपयोगी पडते. होता होईल तो पुन्हापुन्हा करायच्या तपासण्या एकाच लॅबमध्ये करा, कारण पद्धत आणि मर्यादा लॅबगणिक थोड्या बदलतात.

नमुना देण्याआधीची पथ्यंही नीट विचारून घ्या. उपाशीपोटी म्हणजे साधारण आठ ते बारा तास काही खायचं नाही, पण साधं पाणी सहसा चालतं. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर ते सांगा. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही तपासण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

आता ठळक अक्षरांबद्दल. रिपोर्टवर एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की पोटात गोळा येतो. पण ‘नॉर्मल’ची मर्यादा बऱ्याचदा अशी ठरवलेली असते की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के तिच्या आत बसावेत. म्हणजे पूर्ण निरोगी माणसांतही वीसात एक जण बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्क्यांच्या आसपास असते. भरपूर तपासण्यांचं पॅकेज करून मग रात्रभर इंटरनेटवर लक्षणं शोधत बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. उलट, सगळे आकडे मर्यादेत असूनही एखादा दरवर्षी एकाच दिशेला सरकत असेल, तर तो विचारण्यासारखा असतो.

सीटी स्कॅन किंवा सोनोग्राफीचा रिपोर्ट असेल तर शेवटचा परिच्छेद आवर्जून वाचा. स्कॅन एका कारणासाठी केलेला असतो आणि दिसतं भलतंच: पोटाच्या दुखण्यासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या खालच्या भागातली बारीकशी गाठ, मूत्रपिंडावरची गाठ. अशा गोष्टी बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतात आणि ‘अमुक महिन्यांनी पुन्हा स्कॅन करावा’ एवढंच लिहिलेलं असतं. पण ज्या दुखण्यासाठी गेलात ते बरं झालं की ती ओळ कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘शेवटी हे जे लिहिलंय, त्याचं काय करायचं आणि कोण बघणार?’ एवढं विचारलं की पुरे.

फोन किंवा मेसेज कसा करायचा

‘डॉक्टर, गोळीने त्रास होतोय, काय करू?’ या मेसेजला उत्तर मिळायला वेळ लागतो, कारण उत्तर देण्याआधी डॉक्टरांना पाच प्रश्न विचारावे लागतात. त्याऐवजी असं लिहून बघा:

‘नमस्कार. नाव, वय, फाइल नंबर. मंगळवारी डॉक्टरांना दाखवलं होतं. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल २.५ मिलिग्रॅम नवीन सुरू झाली, बाकी काही बदल नाही. चौथ्या दिवसापासून कोरडा खोकला आहे, रात्री जास्त. ताप नाही, दम लागत नाही, ओठ किंवा चेहरा सुजलेला नाही. घरी रक्तदाब १३८/८६ च्या आसपास. गोळी चालू ठेवू की दाखवायला येऊ? दुपारी दोननंतर फोन घेऊ शकेन.’

रिसेप्शनवरच्या व्यक्तीने हा मेसेज जसाच्या तसा आत वाचून दाखवला तरी काम होतं. औषधाचं नाव आहे, कधीपासून ते आहे, काय नाही तेही आहे आणि प्रश्न एका वाक्यात उत्तर देता येईल असा आहे. ‘काय नाही’ हा भाग लोक वगळतात, पण डॉक्टरांना घाई आहे की नाही हे त्यावरूनच कळतं. रॅमिप्रिलच्या गटातल्या औषधांनी कोरडा खोकला येणं नेहमीचं आहे आणि औषध बदलता येतं. ओठ, जीभ सुजली तर मात्र मेसेज करत बसायचं नसतं, थेट तातडीच्या विभागात जायचं.

उत्तर आलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा. रिसेप्शनवर कोणाशी बोललात ते नाव लिहून ठेवा आणि फोन ठेवताना ‘नाही आला फोन तर मी कधी करू?’ असं विचारा. आवाज चढवू नका, पण विषयही सोडू नका. आपण त्रास देतोय असं वाटून गप्प बसणारे लोकच नंतर जास्त त्रासात सापडतात.

घरी आकडे घेताना

रक्तदाब घरी मोजायला सांगितला असेल तर पद्धत नेमकी हवी, नाहीतर वहीभर आकडे जमूनही उपयोग नाही. आधीचा अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं शांत बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत. मोजताना बोलू नका. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळी आणि संध्याकाळी, साधारण आठवडाभर. सगळे आकडे लिहा. वाईट आकडा गाळून पुन्हा मोजत राहू नका.

वाट पाहायची नाही अशा वेळा

छातीत दाबल्यासारखं दुखणं, श्वास घ्यायला त्रास, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणं, जीव द्यावासा वाटणं, यांसाठी पुढची अपॉइंटमेंट नसते. चेहरा एका बाजूला वाकडा, एका हातातली ताकद गेली, बोलणं अडखळतंय, तर रुग्णवाहिका बोलवा आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवा. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे तिथे पहिला प्रश्न वेळेचाच असतो.

दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं असेल तर

अपॉइंटमेंट कोण घेणार, तुम्ही की दवाखाना, हे तिथल्या तिथे ठरवा. दोघंही एकमेकांवर विसंबले की महिना निघून जातो. तज्ज्ञांना दाखवून आलात की त्यांची चिठ्ठी पहिल्या डॉक्टरांपर्यंत पोचवा. ती आपोआप पोचते असं समजू नका. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या डिस्चार्ज कार्डवरही असंच बघा: दाखल असताना घेतलेला कोणता रिपोर्ट अजून यायचा आहे आणि तो आल्यावर कोण पाहणार?

पुढची भेट

पुढची तारीख शक्यतो निघतानाच घ्या. जाताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नुसत्या नावांच्या यादीत मिलिग्रॅमची चूक होते. गेल्या वेळेनंतर काय बदललं, काय तसंच आहे आणि आज काय विचारायचं, एवढं एका कागदावर पुरे. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आधी विचारा, उठता उठता नको.

आणि गोळ्या घेतल्या नसतील तर तसं सांगा. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की दीर्घकाळच्या आजारांची औषधं ठरल्याप्रमाणे घेणाऱ्यांचं प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच आहे. तेव्हा तुम्ही एकटे नाही आणि डॉक्टरांनाही त्यात नवल वाटणार नाही. पोट बिघडतं म्हणून, परवडत नाही म्हणून, रात्रपाळी असते म्हणून, जे कारण असेल ते सांगा. त्यावर तोडगा निघतो. दोन वेळची गोळी तुम्ही एकदाच घेताय हे ठाऊक नसेल, तर आकडा खाली येत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतील. मग एखाद्या आठवड्यात तुम्ही सगळ्या गोळ्या वेळच्या वेळी घेतल्यात, तर रक्तदाब किंवा साखर गरजेपेक्षा खाली उतरून चक्कर येईल.